डाव्या हाताचे घराणे

पॉल विटगेन्स्टाईन हा व्हिएन्नाचा पियानोवादक 5 नोव्हेंबर 1887 रोजी जन्मला आणि 3 मार्च 1961 रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वारला. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याचा उजवा हात गेला. त्यानंतर चार दशके तो एकट्या डाव्या हाताने जाहीर मैफली करत राहिला. राव्हेल, प्रोकोफिएव्ह, रिचर्ड श्ट्राउस, हिंडेमिथ, कॉर्नगोल्ड, फ्रान्झ श्मिट आणि बेंजामिन ब्रिटन या संगीतकारांनी त्याच्या सांगण्यावरून फक्त डाव्या हातासाठी रचना केल्या. तत्त्वज्ञ लुडविग विटगेन्स्टाईन हा त्याचा धाकटा भाऊ. लुडविगच्या कीर्तीमुळे पॉलचे नाव बरेचदा ‘तत्त्वज्ञाचा भाऊ’ एवढ्यावरच आटोपते, आणि तो त्याच्यावर अन्याय आहे.

या घराण्याचे मूळ जर्मनीतले. पॉलचा आजोबा हर्मान क्रिस्टियान विटगेन्स्टाईन हा लोकरीचा व्यापारी. तो जन्माने ज्यू होता, पुढे त्याने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. लाइपझिग परिसरातला आपला बारदाना आवरून तो 1850 च्या दशकात व्हिएन्नाला आला. त्याची बायको फॅनी फिगडॉर हीही ज्यू कुळातली. योसेफ योआखिम हा फॅनीचा लहानगा नातलग व्हायोलिनमध्ये विलक्षण तयार होता. या दांपत्याने त्याला आपल्या छत्राखाली घेतले आणि शिकायला मेंडेल्सझोनकडे पाठवले. तोच योआखिम पुढे युरोपातला अग्रगण्य व्हायोलिनवादक झाला, आणि त्याच्यामुळे ब्राम्स या कुटुंबाच्या परिचयाचा झाला. हर्मानच्या मुलींपैकी काहींना ब्राम्सने पियानो शिकवला. म्हणजे संगीत या घरात पैशापाठोपाठ शोभेला आले नव्हते. पैसा नवा होता, संगीत आधीपासून मुरलेले होते.

हर्मानच्या अकरा अपत्यांपैकी कार्ल हा सर्वांत बंडखोर. 1865 साली, वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधीच, तो घरात कोणालाही न सांगता व्हायोलिन घेऊन न्यूयॉर्कला पळून गेला. तिथे त्याने हॉटेलात वेटरचे काम केले, व्हायोलिनच्या शिकवण्या केल्या आणि दोन वर्षांनी परतला. मग तांत्रिक शिक्षण घेऊन तो पोलादाच्या धंद्यात शिरला. एका रोलिंग मिलमधल्या नोकरीपासून सुरुवात करून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लोखंड-पोलाद व्यवसायाचा सूत्रधार झाला होता. 1898 मध्ये, पन्नाशी नुकतीच उलटलेली असताना, त्याने उद्योगातून अंग काढून घेतले. त्याच सुमारास व्हिएन्नातल्या बंडखोर चित्रकारांच्या ‘सेसेशन’ गटाची नवी इमारत उभी राहत होती. तिच्या खर्चाचा मोठा भार कार्लने उचलला. त्याची मुलगी मार्गारेट हिच्या लग्नानिमित्त 1905 साली क्लिम्टने काढलेले तिचे पांढऱ्या वेषातले व्यक्तिचित्र आज म्युनिकच्या संग्रहालयात आहे.

अलीगासे या रस्त्यावरचे कार्लचे घर लोक ‘पॅले विटगेन्स्टाईन’ म्हणून ओळखत. घरात सात ग्रँड पियानो होते असे सांगतात. ब्राम्स, क्लारा शूमान, माहलर, पाब्लो कासाल्स, ब्रुनो वॉल्टर ही मंडळी तिथल्या खासगी मैफलींना येत. छोटा पॉल रिचर्ड श्ट्राउससोबत एकाच पियानोवर बसून वाजवी. या सगळ्यांमध्ये घरच्यासारखा वावर होता तो योसेफ लाबोर या अंध ऑर्गनवादक-संगीतकाराचा. आज लाबोरचे नाव व्हिएन्नाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. लुडविग मात्र हायडन, मोझार्ट, बेथोव्हेन, शूबर्ट आणि ब्राम्स यांच्या जोडीला खरा थोर संगीतकार म्हणून लाबोरचेच नाव घेत असे.

आई लिओपोल्डिन ही शांत, अबोल बाई. नवऱ्याच्या करड्या स्वभावापुढे ती मुलांची बाजू घेऊन फारशी उभी राहिली नाही. पण तिच्या हातात पियानो विलक्षण होता. कोणतीही अवघड स्वरलिपी पुढे ठेवा, ती पहिल्याच नजरेत वाजवी. मुलांचे आणि आईचे खरे बोलणे बहुधा पियानोवरच झाले असावे, इतके या घरात संगीत हे व्यवहाराचे माध्यम होते.

कार्ल-लिओपोल्डिनला नऊ मुले झाली, त्यातली डोरा तान्हेपणीच गेली. हर्मिना, हान्स, कुर्ट, हेलेना, रुडॉल्फ, मार्गारेट, पॉल आणि लुडविग ही आठ वाढली. आपले मुलगे कारखानदार व्हावेत असा कार्लचा हट्ट होता. थोरला हान्स संगीतात असामान्य होता. बापाशी न पटून तो अमेरिकेला निघून गेला आणि 1902 मध्ये तिथेच नाहीसा झाला. त्याने जीव दिला असेच घरच्यांनी मानले. रुडॉल्फने 1904 साली बर्लिनमध्ये आयुष्य संपवले. कुर्टने 1918 च्या शरदात, युद्ध संपत असताना, इटालियन आघाडीवर तेच केले. पाच भावांपैकी तीन असे गेले. मागे राहिलेल्या दोघांच्या, पॉल आणि लुडविगच्या, स्वभावातला ताठरपणा आणि स्वतःला क्षमा न करण्याची वृत्ती समजून घेताना हे तीन रिकामे कोपरे डोळ्यांआड करता येत नाहीत.

पॉल थिओडोर लेशेटिट्स्कीकडे शिकला. लेशेटिट्स्की हा चेर्नीचा शिष्य आणि चेर्नी बेथोव्हेनचा. आपल्याकडे गवई जसा गुरुपरंपरा सांगताना कानाला हात लावतो, तसे अभिमानाने सांगावे अशी ही साखळी. पाडेरेव्स्की आणि श्नाबेल हेही लेशेटिट्स्कीचेच शिष्य. जानेवारी 1913 मध्ये कार्ल वारला. त्याच वर्षी 1 डिसेंबरला पॉलने व्हिएन्नाच्या मुझिकफेराइनच्या मोठ्या सभागृहात वाद्यवृंदासह पहिली मैफल केली. दोन्ही हात असलेल्या पॉलच्या वाट्याला व्यावसायिक वादक म्हणून जेमतेम आठ महिने आले.

ऑगस्ट 1914 मध्ये तो घोडदळातला अधिकारी म्हणून रशियन आघाडीवर गेला. आजच्या पोलंडमधल्या झामोश्चच्या परिसरात टेहळणी करत असताना उजव्या कोपरात गोळी लागली. क्रास्नीस्ताव्हच्या इस्पितळात हात कापला गेला. तो अजून खाटेवर असतानाच रशियन सैन्याने गाव घेतले आणि जखमींसह सगळे इस्पितळ कैदेत गेले. पुढचा प्रवास सैबेरियापर्यंतचा, ओम्स्कच्या युद्धकैद्यांच्या छावणीपर्यंत.

त्या छावणीत पियानो नव्हता. पॉलने एक रिकामे लाकडी खोके मिळवले आणि त्यावर कोळशाने पियानोच्या पट्ट्या आखल्या. त्या आखलेल्या पट्ट्यांवर तो डाव्या हाताची बोटे रोज तासन् तास चालवू लागला. लाकडावर बोटे आपटल्याचा आवाज तेवढा होई, सूर त्याच्या डोक्यात असत. आधी पाठ असलेल्या दोन हातांच्या रचनांमधून काय ठेवायचे, काय सोडायचे आणि सोडलेले पुन्हा कुठून सुचवायचे हे तो बोटांनी शोधत होता. कैद्यांच्या विचारपुशीला आलेल्या डॅनिश वाणिज्यदूताने हे पाहिले. त्याच्या खटपटीने पॉलला पुढे खराखुरा, उभा पियानो मिळाला. घरी पत्र पोहोचण्याची वाटही त्यानेच करून दिली. डाव्या हातासाठी एक कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना, लिहावा अशी विनंती पॉलने लाबोरला केली. ती व्हिएन्नाला पोहोचेपर्यंत अंध लाबोरने स्वतःहून कामाला सुरुवातही केली होती. या सगळ्या कहाणीत याहून हृद्य गोष्ट दुसरी नाही.

कैद्यांच्या अदलाबदलीत पॉल नोव्हेंबर 1915 मध्ये व्हिएन्नाला परतला. त्याच महिन्यात त्याचा गुरू लेशेटिट्स्की ड्रेस्डेनला वारला. पॉलने घरात कोणाची मदत घ्यायची नाही असे ठरवले. कपडे घालण्यापासून ताटातले कापून खाण्यापर्यंत सगळे एका हाताने करायला तो शिकला, आणि सात-सात तास पियानोवर बसू लागला.

एका हाताने वाजवणे म्हणजे अर्धे वाजवणे, असे सहज वाटते. पेटीवादकाचा एक हात भात्यावर आणि एकच सुरांवर असतो, तरी मैफल भरते. पियानोचे गणित मात्र वेगळे आहे. तिथे डावा हात खर्ज आणि स्वरसंवाद सांभाळतो, उजवा बहुतेक वेळा धून गातो. ही दोन्ही कामे एकाच हाताला करायची, तर 88 पट्ट्यांचा पल्ला त्याला एकट्याने कापावा लागतो. करंगळीने खर्जाचा स्वर मारायचा, पायाने पेडल दाबून तो घुमत ठेवायचा आणि तो विरण्याच्या आत हात उचलून वरच्या सप्तकात धून धरायची. पेडल क्षणभर जास्त राहिले तर सगळे स्वर एकमेकांत कालवतात, कमी पडले तर खर्ज तुटतो. बसायचेही नेहमीपेक्षा जरा उजवीकडे सरकून. या अडचणीत एक सोय निसर्गानेच ठेवली आहे. उजव्या हातात धून येते ती करंगळीकडे, म्हणजे सर्वांत दुबळ्या बोटाकडे. डाव्या हातात वरचे स्वर येतात ते अंगठ्याकडे. म्हणून एकच हात उरणार असेल तर पियानोसाठी डावा उरलेला बरा, आणि म्हणूनच एकहाती रचना जवळपास सगळ्या डाव्या हातासाठी आहेत.

अशा रचना पॉलच्या आधी होत्या, पण मोजक्या. 1877 साली क्लारा शूमानचा उजवा हात दुखावला असताना ब्राम्सने बाखचा व्हायोलिनसाठीचा शाकोन डाव्या हातासाठी उतरवला होता. स्क्रियाबिनने 1894 मध्ये दोन छोट्या रचना केल्या होत्या, गोडोव्स्कीने शोपँच्या काही अभ्यासरचना डाव्या हातात बसवल्या होत्या. हंगेरीचा काउंट गेझा झिची हा लिस्टचा शिष्य लहान वयातच उजवा हात गमावूनही युरोपभर वाजवत फिरला होता. मात्र वाद्यवृंदासमोर बसून आख्खी संध्याकाळ पेलेल एवढा ऐवज कुठेच नव्हता. 12 डिसेंबर 1916 रोजी लाबोरची नवी रचना घेऊन पॉल पुन्हा मुझिकफेराइनमध्ये बसला, तेव्हा हा ऐवज आपल्यालाच उभा करावा लागणार हे त्याला कळून चुकले होते.

त्यासाठी लागणारा पैसा त्याच्याकडे होता. युद्धानंतर ऑस्ट्रियाचे चलन कोसळले, पण कार्लने संपत्तीचा मोठा भाग परदेशात गुंतवलेला होता. लुडविगने 1919 मध्ये आपला वाटा भावंडांच्या नावे करून टाकला, तोही अंशतः पॉलकडे आला. 1922 च्या अखेरीस पॉलने कॉर्नगोल्ड, हिंडेमिथ, श्मिट आणि बोर्टकिएविच या चौघांना एकदम काम सांगितले. मोबदला भरघोस, अट एकच: ही रचना दुसऱ्या कोणी वाजवायची नाही. कॉर्नगोल्डचा कॉन्चेर्तो आणि श्मिटच्या बेथोव्हेनवरच्या रूपांतरमाला 1924 मध्ये व्हिएन्नात गाजल्या. श्मिट त्याचा कायमचा सोबती झाला आणि पुढे पाच रचना त्याने आणखी दिल्या. हिंडेमिथने आगाऊ मिळालेल्या पैशातून फ्रँकफुर्टमधला एक जुना मनोरा राहण्याजोगा करून घेतला. पण त्याचे संगीत पॉलला मुळीच रुचले नाही. ते हस्तलिखित कपाटात गेले.

श्ट्राउसने 1925 आणि 1927 मध्ये दोन रचना दिल्या. त्याच्या अवाढव्य वाद्यवृंदापुढे एक हात बुडून जातो, अशी पॉलची तक्रार होती आणि ती रास्त होती. प्रोकोफिएव्हचा चौथा कॉन्चेर्तो 1931 मध्ये पूर्ण झाला. पॉलने आभार मानून कळवले की यातला एकही स्वर आपल्याला उमगत नाही आणि आपण तो वाजवणार नाही. त्याची श्रवणवृत्ती ब्राम्सच्या काळात घडली होती आणि ती तिथेच थांबली. ज्या संगीतकारांकडे तो गेला ते मात्र विसाव्या शतकाचे होते.

राव्हेलशी झालेला वाद सर्वांत प्रसिद्ध आहे. राव्हेलचा कॉन्चेर्तो 1930 मध्ये तयार झाला. सुरुवातीला वाद्यवृंदाच्या अगदी तळातून, खोल खर्जातून, अंधारात काही हलावे तसे सूर उठतात, चढत जातात आणि शिगेला पोहोचताच पियानो एकटा प्रवेश करतो. डोळे मिटून ऐकणाऱ्याला हे एकाच हाताचे वादन आहे हे ओळखता येत नाही. राव्हेलला नेमके तेच हवे होते. 5 जानेवारी 1932 रोजी व्हिएन्नात पॉलने तो प्रथम वाजवला. राव्हेल तेव्हा हजर नव्हता. काही आठवड्यांनी तो पियानोवादक मार्गेरीत लाँगसह व्हिएन्नाला आला, तेव्हा पॉलने घरी मेजवानी ठेवून कॉन्चेर्तो ऐकवला. पॉलने ओळी बदलल्या होत्या, काही आपल्या पदरच्या घातल्या होत्या, वाद्यवृंदाच्या वाटच्या जागा पियानोकडे घेतल्या होत्या. राव्हेल संतापला. वादकाने गुलाम होऊन चालत नाही, असे पॉलने सुनावले. वादक गुलामच असतो, असे राव्हेलने उलट सुनावले. शेवटी पॉल नमला आणि जानेवारी 1933 मध्ये पॅरिसला राव्हेलच्याच संचालनाखाली त्याने तो वाजवला. रचनेची थोरवी आपल्याला महिनोन्महिने रियाझ केल्यावर उमगली, हे त्याने पुढे मोकळेपणाने कबूल केले. ब्रुनो वॉल्टरच्या संचालनाखाली 1937 मध्ये त्याने वाजवलेल्या याच कॉन्चेर्तोचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात जोम आहे, ओबडधोबडपणा आहे आणि स्वरलिपीशी घेतलेले स्वातंत्र्यही आहे.

दोघा भावांचे नाते संगीतावर उभे होते आणि संगीतावरूनच ताणलेलेही होते. लुडविगला शीळ घालून आख्ख्या रचना म्हणता येत, मोठेपणी तो क्लॅरिनेटही शिकला. पॉलचे वादन त्याला भडक वाटे. लुडविग घरात असला की त्याची नापसंती दाराखालच्या फटीतून आत झिरपते आणि आपल्याला रियाझ करता येत नाही, अशी पॉलची तक्रार असे.

1931 पासून पॉल व्हिएन्नातल्या एका संगीत विद्यालयात शिकवत होता. तिथे हिल्डे शानिया ही दृष्टीने अधू असलेली तरुण विद्यार्थिनी त्याच्याकडे आली. दोघांना 1935 आणि 1937 मध्ये दोन मुली झाल्या. हे त्याने कुटुंबापासून लपवून ठेवले होते. मार्च 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. विटगेन्स्टाईन भावंडे जन्मापासून कॅथलिक पंथात वाढलेली. पण त्यांच्या चार आजी-आजोबांपैकी तिघे ज्यू कुळातले होते आणि नाझींच्या न्युरेंबर्ग कायद्याने ज्यू ठरायला तेवढे पुरेसे होते. देशासाठी हात गमावलेल्या माणसाला जाहीर वादनाची बंदी झाली, नोकरी गेली, आणि हिल्डे ज्यू नसल्यामुळे त्यांचे नाते हाच गुन्हा ठरला. ऑगस्टमध्ये तो स्वित्झर्लंडला निसटला आणि वर्षअखेरीस अमेरिकेला पोहोचला. हिल्डे आणि मुली नंतर क्यूबाला पोहोचल्या. तिथेच 1940 मध्ये त्यांचे लग्न झाले, आणि 1941 मध्ये त्यांना मुलगा झाला.

हर्मिना आणि हेलेना व्हिएन्ना सोडायला तयार नव्हत्या. त्यांना वाचवायचे तर आजोबा हर्मान याला कागदोपत्री ज्यू नसलेला ठरवून घेणे हा एकच मार्ग होता, आणि त्याची किंमत होती परदेशातली संपत्ती. मार्गारेटने या वाटाघाटी चालवल्या. नुकतेच ब्रिटिश नागरिकत्व मिळालेला लुडविग 1939 च्या जुलैमध्ये बर्लिन, व्हिएन्ना आणि न्यूयॉर्क असा त्यासाठी फिरला. नाझींच्या हाती जास्त काही द्यायला पॉलचा विरोध होता. अखेर सुमारे 1.7 टन सोने राइशबँक या जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या स्वाधीन झाले आणि महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या दिवसांत तो दाखला निघाला. दोघी बहिणी युद्धभर व्हिएन्नात सुखरूप राहिल्या. या व्यवहारात भावंडांमध्ये जे तुटले ते पुन्हा सांधले नाही. हर्मिना 1950 मध्ये गेली, लुडविग 1951 मध्ये, हेलेना 1956 मध्ये, मार्गारेट 1958 मध्ये. पॉलने कोणाशीच समेट केला नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे कळते, आणि म्हणूनच हा भाग वाचताना जीव तुटतो. अलीगासेवरचे घरही पन्नासच्या दशकात पाडले गेले.

अमेरिकेत पॉल मुख्यतः शिक्षक म्हणून जगला. खासगी शिष्यांकडून तो पैसे घेत नसे. ब्रिटनने 1940 मध्ये त्याच्यासाठी लिहिलेली ‘डायव्हर्शन्स’ ही रचना त्याने जानेवारी 1942 मध्ये फिलाडेल्फियात वाजवली. 1946 मध्ये तो अमेरिकन नागरिक झाला. 1957 मध्ये ‘डाव्या हातासाठी पाठशाळा’ अशा अर्थाच्या नावाचे त्याचे तीन खंड प्रसिद्ध झाले. त्यात व्यायाम, अभ्यासरचना आणि इतरांच्या रचनांची त्याने केलेली रूपांतरे आहेत.

दुसऱ्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या जीगफ्रीड राप या जर्मन पियानोवादकाने त्याच्याकडे या रचना वाजवायची परवानगी मागितली होती. पॉलने नकार दिला. आपण घर बांधतो ते दुसऱ्याने येऊन राहावे म्हणून नव्हे, कल्पना आपली आणि पैसाही आपला, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. त्याच्यासारख्याच जखमेच्या माणसाला दिलेले हे उत्तर कठोर होते. रापने प्रोकोफिएव्हच्या वारसांकडून चौथा कॉन्चेर्तो मिळवला आणि 1956 मध्ये बर्लिनमध्ये तो प्रथम वाजवला.

हिंडेमिथचे हस्तलिखित मात्र पॉलच्या मृत्यूनंतरही बाहेर आले नाही. हिल्डेने पेनसिल्वेनियातल्या घरात त्याचा संगीतसंग्रह जसाच्या तसा बंद ठेवला होता. तिच्या निधनानंतर, 2002 मध्ये, त्या कागदांत ती रचना सापडली. डिसेंबर 2004 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकने सायमन रॅटलच्या संचालनाखाली ती सादर केली. पियानोवर लिओन फ्लायशर होता. त्याचा उजवा हात 1960 च्या दशकात आजाराने निकामी झाला होता, आणि मधली कित्येक वर्षे तो पॉलने लिहून घेतलेल्या संगीतावर उभा होता. 1923 मध्ये लिहिलेले ते स्वर लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.